जकातघराच्या काचा

६ मे

ताई,

वाकून नमस्कार, म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढा वाकून.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, रागावू नकोस. फोनवर तुझ्या कानांसाठी इतकं ओरडावं लागतं की आपल्या घरातल्या गोष्टी अख्ख्या बाजाराला कळतात. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

बातमी अशी की आपलं गाव सध्या भलतंच भाव खातंय. पालिकेत नवी इंजिनीयर बाई आलीय. वयानं तुझ्या मोठीएवढी असेल. तिनं जुन्या इमारतींची यादी करायला घेतलीय. घड्याळाचा मनोरा, दगडी बाजार, वाचनालय, मुलींची शाळा, पाणचक्की, नदीवरचा पूल आणि पुलाच्या तोंडाशी बाबांचं राहतं जकातघर, अशा सगळ्या मिळून नऊ. प्रत्येकीसमोर फलक लागणार, कधी बांधली, कुणी बांधली, कशासाठी बांधली. पालिकेचा गवंडी म्हणून तिला हिंडवायचं काम माझ्याकडे आलं. पण तिनं दोन प्रश्न विचारले की मी आ वासून उभा. शेवटी बाबांनाच बोलावलं.

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, मनोऱ्याचा जिना माझ्याआधी चढून वर. भेगेवर बसवलेली काचपट्टी बघून बाईनं विचारलं, हे काय? मग बाबांची गाडी जी सुटली ती सुटलीच. भेग जुनी आहे की अजून वाढतेय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून तिच्यावर आडवी काच बसवायची, दोन्ही टोकांना ओला गिलावा थापायचा आणि त्या गिलाव्यात खिळ्यानं तारीख कोरायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. काच तडकली की इमारत रिकामी करायची, मग आत कुणी का असेना. आठ इमारतींवर अशा एकसष्ट पट्ट्या आहेत आणि जकातघरात पाच, हे त्यांनी कागद न बघता सांगितलं. बाईनं सगळं लिहून घेतलं. मनोऱ्याच्या फलकावर चाळीस वर्षं देखभाल करणारा गवंडी म्हणून बाबांचं नाव घालायचं म्हणतेय. बाबांनी 'कशाला उगाच' म्हटलं, पण कॉलर ताठ झालेली मी पाहिली.

जकातघरात मात्र गंमत केली त्यांनी. बाईला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि पूल कसा बांधला ते सांगत सुटले. खालच्या, नदीकडच्या खोलीत जायचं राहूनच गेलं. तिथल्या काचा शाबूत आहेत, मी रोज बघतो, असं बाबा म्हणाले आणि मी तपासणीच्या तक्त्यावर तसं लिहिलं. खरं सांगायचं तर तिथं मी कधीच तपासत नाही. बापाच्या घरात शिरून बापानं लावलेल्या काचा तपासायच्या म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडल्यासारखं वाटतं.

त्यांना तुझ्याकडे न्यायचा विषय मी काढला होता. त्यांनी भीक घातली नाही. सोडून दे आता.

तुझा
ठोक्या


१५ मे

ठोक्या,

सोडून कशी देऊ? तुझं बरं आहे, भिंती ठोकून बघितल्या की काम झालं. इथं मी रात्रंदिवस त्यांच्या खोकल्याचा विचार करते. नदीला लागून घर, ओल पायापासून कमरेपर्यंत चढलेली, वर एकटे. आई त्याच ओलीनं गेली, हे मी विसरलेले नाही.

माझ्याकडे फ्रेमच्या दुकानाच्या मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं. फ्रेम ठोकायचा आवाज होतो दिवसभर, पण त्या आवाजानं त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखंच वाटेल. तुझे भाऊजी स्वतः म्हणाले, घेऊन या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ते उरकलं की मी येते न्यायला.

फलकावर नाव येणार हे वाचून मला रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं आमच्याकडे काही वाईट झालं.

आणि हो, काचा पोचल्या का ते विचार. फेब्रुवारीत त्यांचं कार्ड आलं होतं, काचेच्या दोन डझन पट्ट्या कापून पाठव, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तिकडे चांगली काच मिळत नाही म्हणे. मी स्वतः कापल्या, कापसात गुंडाळून पाठवल्या. पोचल्याचं एक अक्षर नाही त्यांचं. तूच नेत असशील ना कामाला?

ताई


२ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं. मला काच पालिकेकडून मिळते, जाडजूड. बाबांकडून मी कधीच घेतलेली नाही.

पंधरा दिवस मी हे पत्र खिशात घेऊन हिंडलो. जावंसं वाटेना. आज दुपारी बाबा दगडी बाजारात दाढी करायला गेले होते तेव्हा गेलो, चोरासारखा. खाली उतरलो. आईच्या पलंगाच्या डोक्याकडे, नदीच्या भिंतीला ती जुनी भेग आहे ना, तिच्यावरच्या पाचही पट्ट्या अखंड होत्या. तारखा नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या, बाबांच्याच अक्षरात. मी नखानं गिलावा खरवडला. आतून पांढराशुभ्र. वरून जुना दिसावा म्हणून चहाचं पाणी फिरवलेलं होतं. आणि भेग, ताई, तिच्यात माझी दोन बोटं गेली.

मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. बाबा आले, गालाला साबणाचा वास. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि काही लपवाछपवी केली नाही. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, काच तडकली असं लिहिलं तर मला त्या दिवशी बाहेर काढतील, तो नियम मीच घातलाय. मग म्हणाले, "तुझी आई शेवटचे आठ महिने या खोलीतून बाहेर गेली नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बघत हिंडलो. आता तिच्याजवळ बसायला मिळतंय तर तेवढं बसू दे."

त्यांनी हात धरला माझा. पाणी चढून उतरेपर्यंत, ऑक्टोबरपर्यंत राहू दे, मग म्हणशील तिथे येतो, म्हणाले. मी हो म्हटलं. तक्ता आहे तसाच ठेवलाय. तू रागावशील हे माहीत आहे, पण त्यांना लिहिशील तेव्हा यातलं काही लिहू नकोस. खालमानेनं कुणाकडे मागायची सवय नाही त्यांना, आणि माझ्याकडे मागितलं.

ठोक्या


१० जून

ठोक्या,

तू हो म्हटलंस?

दोन बोटं जाणारी भेग, वर म्हातारा माणूस, खाली नदी, आणि पाणी चढायचा काळ तोंडावर. पन्नाशी गाठलीस तरी बाबांनी हात धरला की तुझं डोकं चालायचं थांबतं. लहानपणीही असंच. त्यांनी म्हटलं विहिरीत पाणी नाही, तर तू तहानलेला झोपायचास.

हे पत्र मिळाल्या दिवशी त्यांना उचलून तुझ्या घरी ने. रडले तर रडू देत. मला शिव्या दिल्या तर देऊ देत, मला तशाही ऐकू येणार नाहीत. आणि इंजिनीयर बाईला खरं काय ते सांग. नाव जाईल, फलक जाईल, गेला तर गेला. भाऊजींचं ऑपरेशन २१ तारखेला आहे. मी ३० ला निघते. तिकीट काढलंय.

आईजवळ बसायचंय म्हणे. आई तिथं नाही. आई असती तर तिनंच त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं असतं.

ताई


१९ जून

ताई,

किती तापतेस. झालं सगळं तुझ्या मनासारखं. बाबा आता पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत झोपतात, खालच्या खोलीला कुलूप घातलंय. भिंतीला मी दोन भक्कम टेकू दिलेत, सागाचे. नदी यंदा अगदी गरीब आहे, पाणचक्कीच्या पहिल्या पायरीला सुद्धा लागलेली नाही. येत्या आठ-दहा दिवसांत त्यांना आमच्याकडेच आणतो. हिनं खोली झाडून ठेवलीय.

तेव्हा तू भाऊजींचे डोळे सोडून धावत येऊ नकोस. तू आलीस तर ते बिथरतील आणि हटून बसतील. मी आहे ना इथे.

ठोक्या


२७ जून

ठोक्या,

पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तिकीट रद्द केलं. भाऊजींच्या डोळ्यांवरची पट्टी काल काढली, पहिल्यांदा मला बघून म्हणाले, तू कधी एवढी म्हातारी झालीस? मी त्यांच्या चहात साखर घातली नाही.

तुला फार बोलले. मनावर घेऊ नकोस. तुझ्यावर सगळं पडतं आणि मी लांबून हुकूम सोडते. बाबा तुझ्याकडे आले की लगेच दोन ओळी टाक, म्हणजे मी शांत झोपेन. मी त्यांना अर्ध्या बाह्यांचा स्वेटर विणायला घेतलाय.

ताई


२४ जुलै

ताई,

तू पाच दिवस इथं होतीस आणि आपण एकमेकांशी धड एक वाक्य बोललो नाही. तू स्टेशनवर गाडीत बसलीस तेव्हाही तोंड फिरवलंस. ते बरोबरच होतं. माणसांसमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

कुलूप मी घातलंच नव्हतं. बाबा पुढच्या खोलीत झोपत नव्हते. टेकू मात्र खरंच दिले होते. बाकी सगळं तू येऊ नयेस म्हणून लिहिलं. तू आली असतीस तर त्यांना घेऊनच गेली असतीस, आणि मी त्यांना ऑक्टोबरचा शब्द दिला होता. दिलेला शब्द मला त्या भिंतीपेक्षा मोठा वाटला, यापलीकडे माझ्याकडे काही कारण नाही.

पाणी सात तारखेपासून चढत होतं. नऊला सकाळी मी हातगाडीवाल्याला घेऊन गेलो. मनाशी ठरवलं होतं की आज शब्दबिब्द काही नाही. बाबा दारातच भेटले. म्हणाले, बरं, येतो, पण चहा घेऊन निघू, आणि तोवर खालून आईचा फोटो काढून आणतो. त्यांच्याशी वाद नको म्हणून मी बाहेर पुलावर जाऊन थांबलो. हातगाडीवाला पाणी किती चढलंय ते दाखवत होता. दहा मिनिटं झाली असतील. मोठा आवाजही नाही झाला. धान्याचं पोतं पाठीवरून टाकावं तेवढाच. मी वळून बघितलं तर नदीकडची भिंत नव्हती, खोलीही नव्हती, पुढची खोली उघडी पडली होती आणि स्टोव्हवर चहाचं भांडं तसंच होतं.

पुढचं तू पाहिलंसच. दोन दिवसांनी पाणचक्कीच्या बंधाऱ्याला ते मिळाले.

आता एक ठरवायचंय आणि ते तुला विचारल्याशिवाय करणार नाही. गावाला वाटतंय की पुरानं घर नेलं. इंजिनीयर बाईनं मनोऱ्यासमोर फलक लावला, बाबांच्या नावासकट. लोक येऊन त्याला हात लावून जातात. पण त्यांनी घरी काचा बदलल्या, तशा दुसरीकडेही बदलल्या असतील तर? मार्च-एप्रिलमध्ये मी तापानं पडलो होतो, तेव्हा सगळ्या इमारतींची फेरी त्यांनीच केली. शाळेत दोनशे मुली जिना चढतात. मी सांगितलं तर बाबांचं नाव मातीत जाईल, आणि ते मी घालवलेलं असेल. नाही सांगितलं तर रोज सकाळी शाळेची घंटा ऐकायची. माझं डोकं चालत नाही, तूच म्हणायचीस ते खरं आहे.

ठोक्या


२ ऑगस्ट

ठोक्या,

सांग. आजच सांग.

तुझ्याशी बोलले नाही याचं कारण तुला वाटतंय ते नव्हतं. तुझ्याकडे बघायची मला लाज वाटत होती. मी गवंड्याची मुलगी आहे. दहा वर्षांची असताना बाबांच्या मागे गिलाव्याचं घमेलं घेऊन मी फिरलेय. वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद काच कशाला लागते हे मला कळत नव्हतं असं म्हणू? त्या मापाची फ्रेम मी आयुष्यात बनवलेली नाही. आणि दोन डझन. कापताना हात थांबला होता माझा. मग मनाची समजूत घातली की ठोक्याला हव्या असतील. मे महिन्यात तुला सहज विचारावं तसं लिहिलं, पण ते सहज नव्हतं. तीन महिने ते माझ्या मनात होतं. तू 'हो, मीच नेल्या' असं लिहावंस म्हणून मी देवाला विनवलं होतं.

फेब्रुवारीत मी गाडीत बसून आले असते तर बाबा आज माझ्या मागच्या खोलीत उन्हात बसले असते. तेव्हा तुझ्यावर सगळं ओढून घेऊ नकोस, त्यातला अर्धा वाटा माझा आहे.

पण हिशेब करून बघ. चोवीस पट्ट्या मी पाठवल्या. तू खाली पाच बघितल्यास. उरलेल्या एकोणीस कुठे आहेत? शाळेत असतील, वाचनालयात असतील, मनोऱ्यावर असतील. बाबांचं नाव मलाही प्यारं आहे, पण त्या नावाखाली एखादी पोर सापडली तर मी ते नाव तोंडातून काढणार नाही. कार्यालयात जा आणि सांग. काचा कुणी कापल्या तेही सांग.

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

सहा ऑगस्टला मी लेखी दिलं. तुझं नाव घातलं नाही, ते माझ्यावर सोड. इंजिनीयर बाईनं कागद दोनदा वाचला. "हे तुम्ही आता सांगताय?" एवढंच म्हणाली. मला कामावरून दूर केलंय, चौकशी होईल. त्यात काही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी आठही इमारतींना दोर लावले. शाळा गोदामात भरायला लागली, वाचनालयातली म्हातारी मंडळी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचायला लागली, घड्याळाला किल्ली देता येईना म्हणून ते साडेतीनवर थांबलं. मनोऱ्यासमोरचा फलक त्याच आठवड्यात काढला. बाजारात बाबांना आता 'खोट्या काचांचा गवंडी' म्हणतात. मी समोर असलो तर आवाज थोडा खाली आणतात. ज्या माणसानं इथल्या पोरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ओळंबा धरायला शिकवलं, त्याच्याबद्दल ती पोरं हे बोलतात.

काचा तपासायला बाहेरून माणसं आली. ओळख पटवायला मला बरोबर ठेवलं होतं. तुझी काच ओळखणं सोपं होतं. पालिकेची काच जाड, तुझी फ्रेमची, पातळ, आणि बाबांच्या बोटांना लागू नये म्हणून तू तिच्या कडा घासून पाठवल्या होत्यास. अकरा दिवस आम्ही एकेक पट्टी बघितली. गिलावा खरवडला, तारखा वह्यांशी ताडून बघितल्या.

तुझी एकही काच सापडली नाही. एकसष्टच्या एकसष्ट खऱ्या. प्रत्येकीची तारीख वहीत तीच. ज्या कधी तडकल्या होत्या त्या वहीत तडकल्या म्हणूनच लिहिलेल्या, दुरुस्तीसकट. तुझ्या एकोणीस काचा कुठे गेल्या ते आता कळतं. त्या घरातच संपल्या. भिंत इतकी हलत होती की महिन्याभरात पाचही तडकत, आणि ते पुन्हा नव्या बसवत. त्यांना सगळं कळत होतं. फक्त स्वतःपुरतं त्यांनी खोटं केलं.

बाईनं तसा अहवाल लिहिलाय, चांगल्या शब्दांत लिहिलाय. पण तो कपाटात राहणार. फलक काढताना सगळं गाव बघायला आलं होतं, अहवाल वाचायला कोण येतंय? मी सांगितलं नसतं तरी एकही भिंत पडली नसती, हे मला आता जन्मभर माहीत असणार. तरी सांगायला हवंच होतं, हेही माहीत आहे. दोन्ही एकत्र घेऊन झोपायची सवय करतोय.

खरं तर हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. काल शाळा पुन्हा उघडली. शिपाईबाईनं मला फाटकाशी थांबवलं. एप्रिलमध्ये मी तापात असताना बाबा शाळेची फेरी करायला गेले, तेव्हा जिन्यावरची एक पट्टी तडकलेली निघाली. तो जिना दुरुस्त झाला हे मला वहीतून माहीत होतं. कसं झालं ते माहीत नव्हतं. मधली सुट्टी संपायला आली होती, मुली वर जायला धावत होत्या, आणि दोर आणायला माणूस पाठवला होता तो येईना. तेव्हा बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर हात पसरून बसले. मुख्याध्यापिका बाई येऊन म्हणाल्या, आजोबा, परीक्षा आहे, जाऊ द्या. मुलींनी विनवण्या केल्या, एक तर रडली. बाबा म्हणे कुणाशी भांडले नाहीत की कुणाला समजावलं नाही. दोर येईपर्यंत तास-दीड तास नुसते बसून राहिले. ज्या महिन्यात ते घरी चोरून काचा बदलत होते, त्याच महिन्यातली ही गोष्ट.

मी त्या पायरीवर जाऊन बसलो थोडा वेळ. शिपाईबाई पाणी घेऊन आली.

ताई, त्यांनी मला सगळं शिकवलं होतं. दोन जूनला मी जकातघराच्या दारात असंच बसायला हवं होतं. ते रडले असते, मला बोलले असते, आणि मी नुसतं बसून राहायचं होतं.

ठोक्या